केसगळतीतून उभे राहिलेले साम्राज्य

गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या आणि लोकांचे कपडे धुऊन पोट भरणाऱ्या सारा ब्रीडलव्हचे केस ऐन तारुण्यात गळू लागले. त्या दुखण्यावर उपाय शोधता शोधता ती मॅडम सी. जे. वॉकर या नावाने अमेरिकेतील अग्रगण्य उद्योजिका झाली. तिच्या औषधाचा गुण नेमका कोणाला आला आणि का आला, हा प्रश्न केसगळतीच्या उपचारांवर पैसे खर्च करणाऱ्या प्रत्येकाने आजही स्वतःला विचारावा असा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतून एक जाहिरात प्रसिद्ध होत असे. तीत एकाच स्त्रीची छायाचित्रे शेजारी शेजारी छापलेली असत. एकात तिचे केस आखूड आणि विरळ दिसत, तर दुसऱ्यात ते दाट होऊन पाठीवर रुळलेले असत. छायाचित्रातील स्त्री कोणी भाड्याने आणलेली सुंदरी नव्हती. ते औषध बनवणारी आणि विकणारी मॅडम सी. जे. वॉकर ती स्वतःच होती. 'आधी' आणि 'नंतर' अशी छायाचित्रे दाखवून केसांचे औषध खपवण्याची ही रीत आता आपल्या इतकी परिचयाची झाली आहे की, तिच्याकडे पाहताना शहाण्या माणसाला प्रथम संशयच येतो. मॅडम वॉकर यांच्या बाबतीत मात्र त्या दोन छायाचित्रांच्या मधली वर्षे समजून घेतली, तर तो संशय कोठे रास्त ठरतो आणि कोठे नाही, हे कळू लागते.

सारा ब्रीडलव्हचा जन्म २३ डिसेंबर १८६७ रोजी लुइझियाना राज्यातील डेल्टा या गावी झाला. मिसिसिपी नदीच्या काठचा हा कापसाचा मुलूख. यादवी युद्धाच्या काळात येथील कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला, तेव्हा मुंबईच्या कापूस बाजारात पैशाचा पूर आला होता, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. त्याच युद्धाने गुलामगिरीचा अंत केला आणि साराचे आईवडील, ओवेन आणि मिनर्व्हा, कायद्याने स्वतंत्र झाले. ज्या मळ्यावर ते गुलाम म्हणून राबले, त्याच मळ्यावर आता ते वाट्याने शेती करू लागले. स्वतंत्र म्हणून जन्माला आलेले त्या घरातील पहिले अपत्य म्हणजे सारा. महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध केला आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी जनतेला तो अर्पण केला. त्या सुमारास पाच-सहा वर्षांची सारा कापसाच्या शेतातच वाढत होती. कायद्याने मिळालेले स्वातंत्र्य तिच्या पानात अन्न वाढू शकत नव्हते आणि तिला शाळेतही नेऊ शकत नव्हते.

सातव्या वर्षी ती पोरकी झाली. पुढे थोरल्या बहिणीबरोबर ती नदीपलीकडच्या व्हिक्सबर्गला आली आणि घरकाम करू लागली. मेहुण्याच्या जाचातून सुटण्यासाठी चौदाव्या वर्षी तिने मोझेस मॅकविल्यम्स याच्याशी लग्न केले. १८८५ मध्ये तिला लेलिया ही मुलगी झाली आणि त्यानंतर दोनच वर्षांनी पतीचे निधन झाले. विसाव्या वर्षी वैधव्य, कडेवर दोन वर्षांची मुलगी आणि अक्षरओळख जेमतेम, अशा स्थितीत ती सेंट लुइस शहरात आली. तेथे तिचे भाऊ केशकर्तनाचा व्यवसाय करीत होते. साराने मात्र धुण्याचे काम पत्करले. दिवसभर उकळत्या पाण्याच्या वाफेत उभे राहून, दाहक क्षारांच्या साबणाने लोकांचे कपडे धुवायचे आणि त्याचे दिवसाला जेमतेम दीड डॉलर मिळवायचे, असे तिचे आयुष्य पुढील कित्येक वर्षे चालले. लेलियाने शिकावे हा तिचा एकच हट्ट होता. पै-पैसा साठवून तिने पुढे मुलीला टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल महाविद्यालयात पाठवले.

टाळूचे दुखणे

याच काळात, १८९० च्या दशकात, साराचे केस गळू लागले. डोक्यावर ठिकठिकाणी टक्कल दिसू लागले. हे दुखणे तिच्या एकटीचे नव्हते. आजूबाजूच्या असंख्य कष्टकरी कृष्णवर्णीय स्त्रियांची हीच अवस्था होती आणि डोक्याला सदैव फडके बांधून त्या ती झाकत असत.

या गळतीचे कारण त्यांच्या राहणीत होते. गरिबांच्या घरी नळ नव्हते, न्हाणीघर नव्हते. लांबून पाणी आणून ते तापवावे लागे. थंडीच्या दिवसांत महिना महिना डोके धुतले जात नसे. त्यामुळे टाळूवर कोंड्याचे थर साचत, खाज सुटे, खपल्या धरत, जंतूंचा आणि बुरशीचा संसर्ग होई. जे साबण मिळत ते कपड्यांच्या लायकीचे, केस ठिसूळ करणारे. त्यात निकृष्ट आहार, वारंवारची आजारपणे आणि मनावरचा ताण यांची भर पडे. टाळूला दाह झाला की केसांची मुळे नीट धरत नाहीत आणि जे केस उगवतात ते लवकर तुटतात. म्हणजे या स्त्रियांच्या डोक्यावर केस उगवण्याची शक्ती शिल्लक होती. त्यांची टाळू आजारी होती, म्हणून ते टिकत नव्हते.

हा भेद तेव्हा फारसा कोणी करीत नसे. बाजारात केसांच्या औषधांना तोटा नव्हता. लोहचुंबक बसवलेले 'विजेचे' ब्रश विकले जात आणि त्यांनी डोकेदुखीपासून टकलापर्यंत सर्व काही बरे होते असे सांगितले जाई. न्यूयॉर्क राज्यातील सदरलँड घराण्यातील सात बहिणी आपले जमिनीपर्यंत पोहोचणारे केस रंगमंचावर सोडून दाखवत आणि त्याच नावाचे केशवर्धक खपवत. ज्यांचे केस मुळातच दाट आहेत, त्यांच्या डोक्याकडे बोट दाखवून विरळ केसांच्या माणसाला बाटली विकायची, हा धंदा जोरात होता. इकडे डॉक्टरांच्या हातातील नवे साधनही निर्धोक नव्हते. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला. पुढील दशकातच मुलांच्या डोक्यावरील गजकर्ण बरे करण्यासाठी क्ष-किरणांनी केस गाळून टाकण्याची पद्धत रूढ झाली आणि ती अर्धे शतक टिकली. अशा उपचारांतून गेलेल्या मुलांमध्ये मेंदूच्या आणि कंठस्थ ग्रंथीच्या गाठींचे प्रमाण वाढल्याचे पुढे दिसून आले.

साराने अनेक औषधे करून पाहिली. भावांच्या दुकानातून तिला केसांच्या निगेविषयी काही गोष्टी कळल्या होत्या. १९०३ च्या सुमारास ती अ‍ॅनी टर्नबो या उद्योजिकेची विक्रेती झाली. टर्नबो या स्वतः कृष्णवर्णीय होत्या आणि घरोघरी जाऊन स्त्रियांचे डोके धुऊन देत, मग आपले मलम लावून दाखवत. मॅडम वॉकर यांच्या चरित्रात टर्नबो यांना अनेकदा एका ओळीत उरकले जाते. ते न्यायाचे नाही. औषध, ते वापरण्याची पद्धत आणि स्त्री विक्रेत्यांची साखळी या तिन्ही गोष्टी साराने प्रथम त्यांच्याकडे पाहिल्या.

डेन्व्हरचा प्रयोग

१९०५ मध्ये सारा अत्यल्प पुंजी घेऊन कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हरला गेली. तेथे तिने स्वयंपाकिणीची नोकरी धरली. एका औषध विक्रेत्याच्या घरी ती काम करीत असे आणि त्याच्याकडून तिला औषधी द्रव्यांची माहिती झाली, असे सांगितले जाते. दिवसभर स्वयंपाक आणि रात्री मलमांचे प्रयोग, असे काही महिने गेले. जानेवारी १९०६ मध्ये तिने वृत्तपत्रांच्या जाहिरातींचे काम करणाऱ्या चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी विवाह केला आणि मॅडम सी. जे. वॉकर हे नाव घेतले. 'वंडरफुल हेअर ग्रोअर', म्हणजे अद्भुत केशवर्धक, हे त्यांचे पहिले आणि मुख्य उत्पादन. टर्नबो यांच्या मलमाचे नावही असेच होते आणि आपली नक्कल झाल्याचा आरोप त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

या मलमाचा मंत्र आपल्याला स्वप्नात मिळाला, एका धिप्पाड कृष्णवर्णीय पुरुषाने त्यातील द्रव्ये सांगितली आणि काही तर आफ्रिकेतून मागवावी लागली, अशी कथा मॅडम वॉकर सांगत. ऐकणाऱ्या स्त्रियांना ती भावली असणार. डबीत मात्र जे होते त्यात गूढ काही नव्हते. त्यात शुद्ध गंधक, मोरचूद, मेणाचा आणि पेट्रोलियम जेलीचा पाया, खोबरेल तेल आणि उग्र वास झाकण्यासाठी व्हायोलेटचे अत्तर असे. गंधकाची मलमे त्वचारोगांवर शतकानुशतके वापरात होती.

मग गुण कशाचा? गंधक टाळूवरील खपल्या सैल करते आणि जंतू व बुरशी यांना आवर घालते. तेल आणि जेली कोरड्या, ठिसूळ केसांना तुटू देत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे मलम एकटे कधीच दिले जात नसे. आधी डोके स्वच्छ धुवायचे, टाळू हलक्या हाताने चोळायची, नंतर मलम लावायचे आणि हे नियमाने, वारंवार करायचे, अशी ती पद्धत होती. महिन्यातून एकदाही डोके न धुणाऱ्या स्त्रीने ते नेमाने धुण्यास आरंभ केला, यातच निम्मा उपचार झाला. दाह शमला की मुळाशी जिवंत असलेले केस वाढू लागत आणि टिकत. जाहिरातीतील दोन छायाचित्रांमधील अंतर असे तुटले होते.

ज्यांचे टक्कल वंशपरंपरेने आलेले होते, त्यांना मात्र त्या डबीचा उपयोग होण्याचे कारण नव्हते. 'अद्भुत केशवर्धक' या नावात हा फरक बसत नव्हता आणि जाहिरातीतही तो सांगितला जात नव्हता. मॅडम वॉकर यांच्या थोरवीला बाध न आणता एवढे म्हटलेच पाहिजे.

धुणेवालीची कंपनी

विक्रीची रीत मात्र विलक्षण होती. १९०६ पासून पतीसह मॅडम वॉकर यांनी दक्षिणेकडील राज्ये पालथी घातली. चर्चच्या सभागृहात स्त्रिया जमवायच्या, प्रात्यक्षिक दाखवायचे, मागणी नोंदवून घ्यायची आणि गावातीलच एखादी हुशार स्त्री निवडून तिला विक्रेती नेमायचे. १९०८ मध्ये त्यांनी पिट्सबर्ग येथे लेलियाच्या नावाने प्रशिक्षण विद्यालय काढले. १९१० मध्ये इंडियानापोलिस शहरात कारखाना आणि मुख्य कचेरी थाटली. फ्रीमन रॅन्सम या तरुण वकिलाच्या हाती व्यवहार सोपवला. धंदा किती वाढवावा यावरून पतीशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये दोघे विभक्त झाले. नाव मात्र त्यांनी तेच ठेवले.

ज्या स्त्रियांना मोलकरीण, स्वयंपाकीण किंवा धुणेवाली यापलीकडे काम मिळत नव्हते, त्यांना या कंपनीने पेशा दिला. स्वतःचे गिऱ्हाईक, स्वतःचा हिशेब आणि मळ्यावर किंवा धुण्याच्या टबापाशी मिळत असे त्याहून कितीतरी अधिक उत्पन्न त्यांच्या हाती आले. पुढील काळात अशा हजारो विक्रेत्या आणि केशनिगातज्ज्ञ तयार झाल्याचे कंपनी सांगत असे. १९१७ मध्ये फिलाडेल्फिया येथे त्यांचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा सुमारे २०० स्त्रिया आल्या होत्या. सर्वाधिक विक्री करणाऱ्या विक्रेत्यांना तेथे बक्षिसे मिळालीच, शिवाय समाजकार्यासाठी सर्वाधिक देणगी देणाऱ्यांनाही मिळाली.

पुरुषांच्या जगाने त्यांना सहजासहजी आत घेतले नाही. १९१२ मध्ये शिकागो येथे कृष्णवर्णीय उद्योजकांची राष्ट्रीय परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी बुकर टी. वॉशिंग्टन होते. मॅडम वॉकर यांना बोलायचे होते, पण त्यांना संधी दिली जात नव्हती. अखेरच्या दिवशी त्या आपल्या जागेवरून उठल्या आणि परवानगीची वाट न पाहता बोलू लागल्या. कापसाच्या शेतापासून धुण्याच्या टबापर्यंत, तेथून स्वयंपाकघरापर्यंत आणि पुढे स्वतःच्या जमिनीवर उभ्या केलेल्या कारखान्यापर्यंतचा प्रवास त्यांनी थोडक्यात सांगितला. पुढच्या वर्षीच्या परिषदेत त्या निमंत्रित वक्त्या होत्या.

पैसा आला तसा तो त्यांनी दिलाही. इंडियानापोलिसमधील कृष्णवर्णीयांच्या वायएमसीएच्या इमारतीसाठी त्यांनी एक हजार डॉलर दिले. एका कृष्णवर्णीय स्त्रीने एवढी रक्कम द्यावी, याची देशभर चर्चा झाली. १९१७ मध्ये ईस्ट सेंट लुइस येथे कृष्णवर्णीयांची कत्तल झाल्यावर न्यूयॉर्कमध्ये जो प्रचंड मूक मोर्चा निघाला, त्याच्या संयोजकांना त्यांची साथ होती. झुंडींकडून होणाऱ्या हत्यांविरुद्ध कायदा व्हावा, ही मागणी घेऊन व्हाइट हाऊसवर गेलेल्या शिष्टमंडळातही त्या होत्या. अध्यक्ष विल्सन यांनी भेट दिली नाही. १९१९ मध्ये त्यांनी याच लढ्यासाठी पाच हजार डॉलरची देणगी जाहीर केली.

तापवलेली फणी आणि टीका

त्यांच्या कार्यावर टीकाही झाली आणि ती अनाठायी नव्हती. वॉकर पद्धतीत केसांना मलम लावून नंतर तापवलेली धातूची फणी फिरवली जाई. त्यामुळे कुरळे केस सरळ होत. ही फणी त्यांनी शोधली हा समज चुकीचा आहे, पण तिचा प्रसार होण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आपल्या स्त्रियांना गोऱ्यांसारखे दिसायला शिकवले जात आहे, असा आक्षेप समाजातूनच आला. आपण केस सरळ करण्याचा धंदा करीत नाही, केसांची निगा राखायला शिकवतो, अशी मॅडम वॉकर यांची भूमिका होती. त्वचा गोरी करणारी मलमे त्यांनी हयातीत विकली नाहीत, हेही नोंदवले पाहिजे.

वैद्यकशास्त्राने या वादात पुढे वेगळी भर घातली. १९६८ मध्ये अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये डोक्याच्या मध्यापासून पसरत जाणाऱ्या कायमच्या टकलाचे वर्णन केले आणि त्याला तापवलेल्या फणीचे टक्कल असे नाव दिले. फणीवरून ओघळणारे तापलेले तेल मुळांना इजा करते, असा तर्क होता. पुढे फणी न वापरणाऱ्या स्त्रियांतही हा विकार दिसला, म्हणून नाव बदलावे लागले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात केसांच्या घडणीशी संबंधित एका जनुकातील दोष काही रुग्णांत आढळला. म्हणजे मूळ दोष शरीरात असू शकतो आणि उष्णता, ताण व रसायने त्यात भर घालतात, असे आता मानले जाते. या विकारात मुळांच्या जागी व्रण तयार होतो आणि तेथे केस पुन्हा उगवत नाहीत. म्हणूनच तो लवकर ओळखावा लागतो.

कानशिलांवरील केसांसाठी वॉकर कंपनीचे वेगळे मलम होते. कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस जाण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे घट्ट वेण्या, ताणून बांधलेले अंबाडे किंवा जोडलेले केस. ताण वेळीच सोडला तर हे केस परत येतात. वर्षानुवर्षे तो तसाच ठेवला तर मुळे कायमची जातात आणि मग कोणतेही मलम चालत नाही.

डबीपासून आजपर्यंत

मॅडम वॉकर यांच्या निधनानंतर केसगळतीचे शास्त्र हळूहळू स्पष्ट झाले. जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये पुरुषी टकलाचा संबंध पुरुष संप्रेरकाशी आणि आनुवंशिकतेशी असल्याचे दाखवले. १९५९ मध्ये नॉर्मन ओरेंट्राइच यांनी केशरोपणाचा पाया घातला. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते डोक्याला लावण्यासाठी १९८८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. १९९७ मध्ये पुरुषांसाठी फिनॅस्टेराइडच्या गोळीला मान्यता मिळाली. ही दोन्ही औषधे वापरात आहेत तोवरच गुण देतात आणि तो दिसायला काही महिने लागतात. फिनॅस्टेराइडचे लैंगिक आणि मानसिक दुष्परिणाम काहींना होतात. गर्भवती स्त्रीने तर या गोळीपासून दूरच राहावे लागते, कारण पुरुष गर्भाला त्यापासून धोका असतो.

प्रत्येक गळतीला हीच औषधे लागू पडत नाहीत. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा कडक उपासमार यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात. ते बहुधा आपोआप परत येतात आणि तेथे धीर हाच मोठा उपचार असतो. लोहाची कमतरता किंवा थायरॉइडचा दोष असेल तर तो सुधारावा लागतो. डोक्यावरील गजकर्णाला केवळ मलम पुरत नाही, पोटात बुरशीविरोधी औषध घ्यावे लागते. चाई पडली असेल, तर तो शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीचाच घोटाळा असतो. त्यावर स्टेरॉइडची इंजेक्शने दिली जातात आणि गंभीर रुग्णांसाठी २०२२ पासून बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या मंजूर झाल्या आहेत. त्याही विशेषज्ञाच्या देखरेखीखालीच घ्याव्या लागतात.

टाळण्यासारख्या गोष्टींची यादीही आता पुरेशी स्पष्ट आहे. कृत्रिम तंतू डोक्यात रोवण्याच्या प्रकाराने संसर्ग आणि व्रण होऊ लागल्यामुळे १९८३ मध्ये अमेरिकेने त्यावर बंदी घातली. बायोटिनच्या गोळ्या त्या जीवनसत्त्वाची खरी कमतरता नसलेल्यांना उपयोगी पडतात याला पुरावा नाही. उलट त्यांच्यामुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या रक्तचाचण्यांचे आकडे चुकू शकतात. सल्ल्याविना डोक्याला स्टेरॉइड मलमे चोळणे, घटक न सांगणारी गुप्त तेले वापरणे, हमखास गुणाची हमी देणाऱ्यांना आगाऊ पैसे देणे आणि अप्रशिक्षित हातांकडून केशरोपण करून घेणे, हे सारे त्याच यादीत येते. आपल्याकडे १९४५ च्या औषध नियमांतील परिशिष्ट 'जे' मध्ये ज्या विकारांवर रामबाण उपायाचा दावा करण्यास मनाई आहे, त्यांत टकलाचा समावेश आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८९ मध्ये एक नियम जाहीर केला. केस वाढवण्याचा दावा करणाऱ्या, विनाचिठ्ठी मिळणाऱ्या त्या वेळच्या साऱ्या औषधी उत्पादनांना त्याने बाजाराबाहेर काढले. त्यात बायोटिनसह 'ब' जीवनसत्त्वे होती, जोजोबाचे तेल होते आणि गंधकाचे एक मिश्रणही होते. त्याच प्रशासनाच्या दुसऱ्या नियमानुसार गंधक हे कोंड्यावरील औषध म्हणून आजही मान्य आहे. मॅडम वॉकर यांच्या डबीचा निवाडा या दोन नियमांत आपोआप होऊन जातो. टाळूचे औषध म्हणून तिच्यातील गंधक खरे होते, केशवर्धक हे नाव तेवढे अतिशयोक्तीचे होते.

अखेर

इतरांच्या टाळूची काळजी वाहणाऱ्या या स्त्रीने स्वतःच्या प्रकृतीची मात्र हेळसांड केली. उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा विकार बळावत असतानाही दौरे थांबले नाहीत. न्यूयॉर्कजवळ इर्व्हिंग्टन येथे हडसन नदीकाठी त्यांनी व्हिला लेवारो हा प्रासाद बांधला. त्याचे वास्तुशिल्पी व्हर्टनर टँडी हेही कृष्णवर्णीय होते. १९१८ मध्ये त्या तेथे राहायला गेल्या आणि २५ मे १९१९ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. कंपनीच्या भावी नफ्याचा मोठा हिस्सा सत्कार्यांसाठी खर्च व्हावा, अशी तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली होती. अमेरिकेत स्वकष्टाने लक्षाधीश, तेही डॉलरच्या हिशेबात, झालेली पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. निधनसमयी संपत्ती दहा लाख डॉलरांच्या खालीच होती असेही अभ्यासक सांगतात. १९९८ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

सारा ब्रीडलव्हला बरे वाटले ते तिच्या दुखण्याचे कारण आणि तिच्या हातातील औषध यांची गाठ पडली म्हणून. ही गाठ तिने अनुभवाने, चुकत-माकत आणि वर्षे घालवून घातली. आज आपल्याजवळ त्वचारोगतज्ज्ञ आहेत, रक्ताच्या तपासण्या आहेत, टाळूचा सूक्ष्म तुकडा तपासण्याची सोय आहे. तरीही आरशातील विरळ भांग दिसताच आपण प्रथम बाटलीकडे धावतो आणि केस का गळत आहेत, हे नंतर विचारतो. धुण्याच्या टबापाशी उभ्या असलेल्या त्या स्त्रीला दुसरा मार्गच नव्हता. आपल्याला तो आहे.